समुद्रकिनारी मुक्काम : गाडी पोहोचते, मदत पोहोचत नाही

“डॉक्टरसाहेब, मे महिन्यात आम्ही चार कुटुंबे मिळून कोकणात जाणार आहोत. दोन गाड्या आहेत, त्यांतली एक फोर-व्हील ड्राइव्ह आहे. सुट्टीत हॉटेले मिळत नाहीत, म्हणून तीन रात्री किनाऱ्यावरच तंबू ठोकून राहायचा बेत आहे. बरोबर लहान मुले आणि वयस्कर आईवडील असतील. औषधे कोणकोणती न्यावीत?”

असे पत्र एका वाचकांनी पाठवले आहे. पत्र एकाचे असले तरी प्रश्न अनेकांचा आहे. पूर्वी आपली घाटावरची मंडळी कोकणात जायची ती एसटीने, आणि उतरायची ती नातेवाइकांकडे किंवा ओळखीच्या कोणाच्या पडवीत. समुद्रावर जाणे म्हणजे संध्याकाळी तासभर पाय भिजवून येणे. आता दारात गाडी आहे. कुंभार्ली, आंबा, फोंडा यांपैकी कोणताही घाट उतरला की काही तासांत माणूस थेट वाळूवर. गुहागर, वेळणेश्वर, दापोलीजवळचे कर्दे आणि मुरूड, मालवणकडचे तारकर्ली, देवबाग हे किनारे मे महिन्यात जत्रेसारखे फुललेले असतात. ही हौस वाईट नाही. खोलीत पंख्याखाली मोबाइल चाळत सुट्टी घालवण्यापेक्षा मुलांना चार दिवस मोकळी हवा मिळाली तर उत्तमच.

औषधांची यादी मी लेखाच्या शेवटी देतो. पण त्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. किनाऱ्यावरच्या मुक्कामात ज्या गोष्टींनी जीव धोक्यात येतो, त्यांतल्या बहुतेकींवर पेटीतली गोळी चालत नाही. तेथे उपयोगी पडते ती पहिल्या दहा मिनिटांत केलेली योग्य कृती. ही दहा मिनिटे तुमच्याच हातात असतात, कारण जिथे तुमची दणकट गाडी पोहोचते तिथे १०८ ची रुग्णवाहिका पोहोचतेच असे नाही. मोबाइलची रेंजही पुष्कळदा नसते. गाडी जितकी दमदार, तितके आपण मदतीपासून लांब जातो. म्हणून या लेखात ही पहिली दहा मिनिटे कशी वापरावीत आणि मुळात ती वेळच येऊ नये म्हणून काय करावे, एवढेच सांगणार आहे.

गाडी वाळूवर नेऊ नये

हा सल्ला डॉक्टरने का द्यावा, असे कोणी विचारील. कारण रुतलेल्या गाडीमुळे होणाऱ्या दुखापती दवाखान्यातच येतात.

पाण्यालगतची ओली वाळू दिसायला सिमेंटच्या रस्त्यासारखी टणक असते. पण गाडी तिथे उभी राहिली आणि चाकांभोवती लाटेचे पाणी खेळू लागले, की चाकाखालची वाळू हळूहळू निघून जाते. मग चालक जोर देतो, चाक फिरते आणि स्वतःचाच खड्डा खणते. फोर-व्हील ड्राइव्ह असली म्हणजे यातून सुटका होते, हा गैरसमज आहे. दोनऐवजी चारही चाके खड्डा खणतात, एवढाच फरक.

त्यानंतरचे दृश्य सर्वांच्या परिचयाचे आहे. भर उन्हात सात-आठ जण गाडी ढकलतात, भरती चढत असते म्हणून घाई असते. माझे एक रुग्ण, वय बावन्न, मधुमेह असलेले, असेच तासभर गाडी ढकलत होते. नंतर छातीत जळजळ होऊ लागली, घाम सुटला. त्यांना वाटले, सकाळच्या मिसळीचे पित्त आहे. तीन तास सोडा पिऊन काढले. प्रत्यक्षात तो हृदयविकाराचा झटका होता. ते वाचले, पण हृदयाचा काही भाग कायमचा दुबळा झाला. चाळिशीपुढच्या माणसाला, विशेषतः मधुमेह, रक्तदाब किंवा तंबाखूचे व्यसन असणाऱ्याला, श्रमानंतर छातीत, जबड्यात किंवा डाव्या हातात दाब जाणवला, दरदरून घाम फुटला, तर ते पित्त समजू नये. त्याला अर्धवट बसते करावे, चालू देऊ नये आणि ताबडतोब रुग्णालय गाठावे. पूर्वी ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा पोटातून रक्तस्राव झालेला नसेल, तर डॉक्टरांना फोनवर विचारून ॲस्पिरिनची गोळी चावून खायला द्यावी.

रुतलेली गाडी ओढताना आणखी तीन धोके असतात. ताणलेला दोर किंवा साखळी तुटली तर ती चाबकासारखी परत येते. म्हणून दोराच्या रेषेत कोणी उभे राहू नये, मुलांना पंचवीस-तीस पावले दूर ठेवावे. चाकाखाली घातलेला दगड किंवा फळी मागे भिरकावली जाते. म्हणून चाकामागे उभे राहू नये. आणि धूर सोडणारी नळी वाळूत गाडली गेली असेल तर इंजिन चालू ठेवून आत कोणी बसू नये. तो विषारी धूर गाडीत शिरू शकतो. त्याविषयी पुढे सांगतो.

वाळूवर पकड यावी म्हणून काही जण टायरमधली हवा कमी करतात. ती पुन्हा न भरता महामार्गावर वेगाने गाडी हाणली तर टायर तापून फुटतो. गाडी सुसाट पळवून गोल गोल फिरवणे, मुलांना बॉनेटवर किंवा टपावर बसवणे, हे तर शुद्ध वेडेपण आहे. वाळूत चाक अडकले की गाडी उलटते आणि माणूस तिच्याखाली येतो. शिवाय किनाऱ्यावर माणसे झोपलेली असतात, मुले वाळूचे किल्ले करीत बसलेली असतात. चालकाच्या आसनावरून बसलेले मूल दिसत नाही. गोव्यात किनाऱ्यावर गाडी चालवण्यास कायद्यानेच मनाई आहे, आपल्याकडेही अनेक किनाऱ्यांवर ती आहे. आंजर्ले, वेळास या बाजूला तर वाळूत कासवांची घरटी असतात आणि त्यांवरून चाक गेले तर अंडी दबतात. गाडी गावातल्या पक्क्या रस्त्यावर, तोंड बाहेरच्या दिशेला करून उभी करावी. रात्री रुग्ण न्यायची वेळ आली तर हीच गोष्ट कामाला येते.

मुक्काम कोठे करावा

तंबू ठोकण्याआधी गावकऱ्यांना विचारावे, आणि तिथी पाहावी. कोकणातली जुनी माणसे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे व दुपारी तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास. हा हिशेब ढोबळ आहे, ठिकाणानुसार अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. पण पाणी केव्हा चढणार याचा अंदाज त्यातून येतो. अमावस्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते. सपाट किनाऱ्यावर पाणी उंचीला एक-दोन मीटर चढले, तरी आडवे ते कितीतरी आत येते. वाळूवर वाळलेल्या काड्या, शेवाळ, शिंपले यांची जी रेघ दिसते ती मागच्या भरतीची खूण होय. तंबू त्या रेघेच्या बराच वर असावा. खाडीच्या तोंडाशी तर मुक्काम करूच नये.

सुरूच्या झाडांची सावली चांगली. माडाची सावली मात्र फसवी. नारळ किंवा वाळलेली झावळी डोक्यात पडून जीव गेल्याची उदाहरणे आहेत. मुलांनी वाळूत खोल खड्डे खणून आत बसू नये. त्यांच्या गुडघ्यापेक्षा खोल खड्ड्याच्या कडा केव्हाही ढासळतात, आणि छातीवर वाळू आली की श्वास घेता येत नाही.

ऊन आणि दमट हवा

आपल्याकडे पारा चाळिशी गाठतो, कोकणात तेहतीस-पस्तीसच असतो, म्हणून तिथे ऊन लागत नाही असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. अंग थंड होते ते घाम आल्याने नव्हे, घाम वाळल्याने. किनाऱ्यावरच्या दमट हवेत घाम निथळतो, पण वाळत नाही. उष्णता शरीरातच साठत जाते. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघर येथे भर उन्हातल्या जाहीर समारंभानंतर उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला. त्या दिवशीही पारा चाळीस अंशांच्या आतच होता.

सकाळी दहा ते चार या वेळात वाळूवर थांबू नये. डोक्याला टोपी किंवा ओला पंचा, अंगात सैल सुती कपडे असावेत. पाणी तहान लागण्याची वाट न पाहता प्यावे. माणशी रोज चार-पाच लिटर पिण्याचे पाणी गृहीत धरून साठा न्यावा. बिअरने तहान भागत नाही. उलट लघवीवाटे पाणी जास्त जाते. लिंबू-सरबत, ताक, शहाळे हे उत्तम.

चक्कर, मळमळ, पायात गोळे येणे, डोके दुखणे ही पहिली सूचना होय. अशा वेळी सावलीत झोपवून, पाय थोडे उंच करून मीठ-साखरेचे पाणी घोट घोट द्यावे. पण माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, त्याला झटके आले किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजावा. अंगाला घाम आहे म्हणून उष्माघात नाही, असे मानू नये. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही. जिथे आहात तिथेच, सावलीत, कपडे सैल करून अंगावर बादल्यांनी पाणी ओतावे आणि जोराने वारा घालावा. बर्फ असेल तर कपड्यात गुंडाळून काखेत, जांघेत, मानेवर ठेवावा. समुद्राचे पाणी प्यायचे नसते, पण अंगावर ओतायला अगदी योग्य. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. आधी थंड करावे, मग गाडीत घालावे आणि वाटेतही थंड करीत राहावे.

आता गाडीतल्या मुलांविषयी. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत बाहेर पस्तीस अंश असताना अर्ध्या तासात आतले तापमान पन्नास अंशांच्या पुढे जाते. काच बोटभर उघडी ठेवून विशेष फरक पडत नाही. लहान मुलाचे शरीर मोठ्यांपेक्षा तीन ते पाच पट वेगाने तापते. ‘झोपलंय, उठवू नका, पाच मिनिटांत येतो’ असे म्हणून मूल गाडीत ठेवू नये. चार कुटुंबे एकत्र असली की प्रत्येकाला वाटते मूल दुसऱ्याकडे आहे. गाडी बंद करण्यापूर्वी मुले मोजावीत, आणि किल्ली मुलांच्या हाती देऊ नये. लपाछपी खेळताना मूल गाडीत शिरते आणि दार आतून उघडता येत नाही, असेही घडते.

मधुमेही मंडळींनी दुपारी अनवाणी वाळूवर चालू नये. कोरडी वाळू पन्नास अंशांपुढे तापू शकते. पायाची संवेदना कमी झालेली असल्याने चटका कळत नाही आणि संध्याकाळी तळव्याला मोठाले फोड दिसतात. इन्सुलिन गाडीत ठेवू नये. छोट्या डब्यात बंद करून तो माठातल्या पाण्यात किंवा ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवावा. थेट बर्फात नको.

समुद्राची ओढ

१ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूड-जंजिरा येथे पुण्याच्या महाविद्यालयीन सहलीतले १४ विद्यार्थी बुडाले. २०१७ च्या एप्रिलमध्ये मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावच्या सहलीतल्या ८ जणांचा असाच अंत झाला. त्यांच्या घरच्यांनीही निघताना ‘जपून जा’ असेच सांगितले असणार. पण जपायचे कशापासून, हे नेमके ठाऊक हवे.

लाटांनी किनाऱ्यावर आणलेले पाणी परत जाताना काही ठिकाणी चिंचोळी वाट काढते आणि जोराने आत ओढत नेते. फसवणूक अशी, की तिथे लाटा फुटत नाहीत. पाणी शांत, किंचित गडद दिसते. नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो. ही ओढ पायाखाली खेचत नाही, आत नेते. माणूस घाबरून थेट किनाऱ्याकडे पोहू लागतो, दमतो आणि बुडतो. पट्टीचा पोहणाराही या ओढीच्या उलट पोहून जिंकेलच असे नाही. विहिरीत शिकलेले पोहणे इथे पुरे पडत नाही.

ओढीत सापडल्यास घाबरून हातपाय मारू नयेत. पाठीवर तरंगावे, एक हात वर करून मदतीसाठी ओरडावे. पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर, म्हणजे आडवे पोहावे. ही वाट सहसा फार रुंद नसते. तिच्यातून बाहेर पडल्यावर लाटांबरोबर किनाऱ्याकडे यावे.

काठावरच्यांनी वाचवायला उडी मारू नये. एकाला वाचवायला दुसरा, त्याला वाचवायला तिसरा, अशी एकाच घरातली माणसे गेली आहेत. तुमच्या गाडीत ओढायचा दोर असतो. पाण्याचा पाच-दहा लिटरचा रिकामा कॅन झाकण घट्ट लावून त्या दोराला बांधावा आणि फेकावा. असा कॅन माणसाला तरंगत ठेवतो. तो मुक्कामात सदैव हाताशी असावा. कोळी बांधवांना हाक मारावी. समुद्र त्यांना कळतो.

कमरेपेक्षा जास्त पाण्यात जाऊ नये, अंधार पडल्यावर उतरू नये, आणि दारू घेतलेल्याने तर घोट्याइतक्याही पाण्यात जाऊ नये. मुले पाण्यात असताना एका मोठ्या माणसाने फक्त त्यांच्याकडे पाहण्याचे काम करावे. त्याने फोटोही काढू नयेत. अर्ध्या तासाने पाळी बदलावी. बुडणारे मूल सिनेमातल्यासारखे ओरडत नाही. पुष्कळदा ते गुपचूप पाण्याखाली जाते.

बुडालेल्याला काय करावे

हा भाग कात्रण काढून ठेवण्यासारखा आहे.

आपल्याकडे बुडालेल्या माणसाला बाहेर काढले की लोक त्याचे पोट दाबतात, पालथे घालतात, मुलाला पाय धरून उलटे टांगून गोल फिरवतात. हेतू हा, की पोटातले पाणी निघावे. पण बुडालेला माणूस मरतो तो पोटातल्या पाण्याने नव्हे, मेंदूला प्राणवायू न मिळाल्याने. श्वास थांबल्यावर चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. ती मिनिटे पोट दाबण्यात गेली तर माणूस हातचा जातो. शिवाय पोट दाबल्याने आतले अन्न श्वासनलिकेत शिरते.

योग्य रीत अशी :

१. कठीण, सपाट वाळूवर उताणे झोपवावे. हाक मारावी, खांदे हलवावेत. दुसऱ्या कोणाला १०८ ला फोन करायला सांगावे.

२. कपाळ मागे आणि हनुवटी वर करून श्वासमार्ग मोकळा करावा. छाती हलते का ते दहा सेकंदच पाहावे.

३. श्वास नसेल तर नाक चिमटीत धरून, तोंडाला तोंड लावून दोन ते पाच वेळा फुंकर द्यावी. प्रत्येक फुंकरीला छाती वर आली पाहिजे. तोंडातून फेस येत असेल तर तो पुसत बसू नये.

४. हालचाल नसेल तर छातीच्या मधोमध तळहाताचा मागचा भाग ठेवून, दुसरा हात त्यावर ठेवून, कोपर न वाकवता जोराने दाबावे. मोठ्या माणसात पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. लहान मुलात एका हाताने, छातीच्या एकतृतीयांश खोलीपर्यंत; तान्ह्या बाळात दोन बोटांनी. ३० वेळा दाबावे, २ फुंकरी द्याव्यात, पुन्हा ३० वेळा दाबावे. दमल्यास दोन मिनिटांनी माणूस बदलावा, पण थांबू नये.

५. उलटी झाली तर मान व अंग एकत्रच कुशीवर वळवून तोंड साफ करावे आणि पुन्हा सुरुवात करावी.

६. श्वास सुरू झाला की कुशीवर झोपवावे, ओले कपडे काढून पांघरूण घालावे आणि रुग्णालयात न्यावे.

शुद्धीवर आला, बोलला, चहा प्यायला, म्हणून घरी नेऊ नये. नाकातोंडात पाणी गेलेल्या आणि खोकणाऱ्या माणसाच्या फुप्फुसांना पुढच्या काही तासांत सूज येऊ शकते. सहा-आठ तास तरी रुग्णालयात डॉक्टरांच्या नजरेखाली ठेवणे आवश्यक असते. नुसते वाचून हे नीट जमत नाही. निघण्यापूर्वी ओळखीच्या डॉक्टरांकडून किंवा परिचारिकेकडून दोघा-तिघांनी प्रत्यक्ष शिकून घ्यावे.

रात्रीची काळजी

उकाड्यामुळे काही जण इंजिन आणि एसी चालू ठेवून, काचा बंद करून गाडीत झोपतात. काही वेळा वळवाची सर आली की पेटती कोळशाची शेगडी तंबूत घेतात. दोन्हींतून कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. आधी डोके दुखते, मळमळते, गुंगी येते आणि झोपलेला माणूस उठतच नाही. तंबूत सगळ्यांचे एकदमच डोके दुखू लागले तर प्रथम मोकळ्या हवेत यावे, कारण नंतर शोधावे. गाडीत झोपायचेच झाले तर इंजिन बंद आणि काचा उघड्या ठेवून, मच्छरदाणी लावून झोपावे.

कोकणातला लाल विंचू विषारी असतो. सकाळी बूट, चप्पल, कपडे झटकून घालावेत. लाकडे, जांभ्याचे दगड उचलताना बॅटरी लावावी. डंखानंतर नुसत्या वेदना असतील तर भीती कमी. पण उलट्या, अंगभर घाम, हातपाय गार पडणे ही हृदयावर परिणाम होत असल्याची लक्षणे आहेत, आणि मुलांत ती लवकर वाढतात. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी या विषावर प्राझोसिन हे औषध कसे उपयोगी पडते ते दाखवले आणि असंख्य जीव वाचले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. हे औषध स्वतःच्या मनाने घ्यायचे नाही. त्यासाठी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात वेळेवर पोहोचायचे. फुरसे किंवा अन्य साप चावल्यास तसेच करावे. चिरा देऊ नये, घट्ट बांधू नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. चावलेला हात किंवा पाय न हलवता रुग्णालय गाठावे.

डंख आणि मासळी

जेलीफिश अंगाला लागली तर चोळू नये. समुद्राच्याच पाण्याने धुऊन, चिकटलेले तंतू काडीने अलगद काढावेत आणि तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात वीस मिनिटे धरावा. उथळ पाण्यात पाकटावर पाय पडला तर ते शेपटीचा काटा मारते. त्यावरही गरम पाण्याने आराम पडतो. पाणी आधी मोठ्या माणसाने स्वतःच्या हाताने पाहावे, नाहीतर डंख राहील बाजूला आणि पोळल्याचे दुखणे होईल. काटा खोल रुतला असेल, विशेषतः पोटात किंवा छातीत, तर ओढून काढू नये. धाप लागली, अंगावर गांधी उठल्या, तर लगेच रुग्णालय.

मासळी बंदरावर घेतली की लगेच बर्फात घालावी. बांगड्यासारखी मासळी उन्हात राहिली तर तिच्यात हिस्टामिन तयार होते आणि ते शिजवल्याने किंवा तळल्याने जात नाही. जेवणानंतर तासाभरात तोंड लाल होणे, खाज, डोकेदुखी, जुलाब होतात. सकाळचे कालवण रात्री, रात्रीचा भात सकाळी, हा काटकसरीचा नियम घरी ठीक. मे महिन्यातल्या तंबूत नको.

बरोबर काय न्यावे

आता पत्रातल्या प्रश्नाचे उत्तर. ओआरएसची दहा-बारा पाकिटे (एक पाकीट एक लिटर पाण्यात, पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा घ्यावा), पॅरासिटामॉल, ॲलर्जीवरची गोळी, उलटीवरची गोळी, ॲस्पिरिन, जंतुनाशक द्रावण, कापूस, पट्ट्या, चिमटा, थर्मामीटर. मुलांच्या औषधांचे प्रमाण आपल्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे. आईवडिलांची रोजची औषधे दोन दिवस जास्तीची घ्यावीत, आणि ती दोन ठिकाणी वाटून ठेवावीत. रक्तदाबासाठी लघवीची गोळी घेणाऱ्यांनी उन्हाळ्यातल्या प्रवासाआधी डॉक्टरांना एकदा भेटावे.

औषधांइतकाच महत्त्वाचा एक कागद आहे. किनाऱ्याचे आणि गावाचे नाव, जवळचे ग्रामीण रुग्णालय कोठे व किती अंतरावर, गावातल्या एका माणसाचा फोन, १०८ आणि ११२ हे क्रमांक, प्रत्येकाचे आजार आणि ॲलर्जी, एवढे त्यावर लिहून तो गाडीच्या काचेजवळ चिकटवावा. रेंज कोठे मिळते ते पहिल्याच संध्याकाळी पाहून ठेवावे. रोज रात्री एक चालक दारूला न शिवता राहील हे आधीच ठरवावे, आणि गाडीची किल्ली कोठे आहे ते दोघांना माहीत असावे.

एवढे केल्यावर निश्चिंत मनाने समुद्रावर जावे. वाळूत पाय भिजवावेत, सूर्यास्त पाहावा, मुलांना शंख-शिंपले वेचू द्यावेत. गाडीला मात्र सुरूच्या सावलीत रस्त्यावरच विसावा द्यावा. तिचे खरे काम तुम्हाला सर्वांना सुखरूप घरी आणण्याचे आहे.